शटर उघडं असेपर्यंत

दादाला अंथरूण धरून तीन वर्षं होत आली, तेव्हा कुठे त्याने धाकट्या बहिणीला कॅमेरा शिकवायचं मनावर घेतलं. तोवर त्या कॅमेऱ्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. घरात म्हणजे तरी कोण, हे दोघंच. नवरा गेल्यावर बहीण भावाकडे राहायला आली होती आणि भावाने लग्नच केलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याने पोस्टमनची नोकरी केली. पायाला भिंगरी लावल्यासारखा हिंडायचा. सुटीच्या दिवशीही घरी टेकायचा नाही, गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचा तो दिवेलागणीला परत. नोकरीचे सहा महिने उरले असताना कुणाचं तरी पार्सल पोहोचवून उतरताना तो जिन्यावरून पाठीवर पडला आणि कमरेखालचं शरीर त्याचं ऐकेनासं झालं. पुढे हातही थरथरायला लागले. कॅमेरा कपाटात गेला.

बहीण इस्पितळात एक्स-रे काढायची. सकाळची पाळी उरकून अडीचला घरी यायची. तोवर दादापाशी एक बाई बसायची. बाई गेली की उरलेली दुपार या दोघांची. दादा छताकडे बघत पडायचा, ती त्याच्या पायथ्याशी बसून पेपर वाचून दाखवायची. एक दिवस पेपर मध्येच थांबवून तो म्हणाला, कपाटातून कॅमेरा काढ, पडून पडून गंजेल.

तिने काढला. जड, काळा, कडा घासून पितळ दिसायला लागलेला. दादाने तो तिच्या हातात असतानाच डोळ्यांनी तपासला, आणि विचारलं, की इस्पितळात ती माणसांना श्वास धरायला का सांगते.

"हलले तर धूसर येतं म्हणून," ती म्हणाली.

"झालं तर मग. अर्धा कॅमेरा तुला येतोच."

उरलेला अर्धा त्याने आठ दिवसांत शिकवला. आत कापडाचा पडदा असतो. बटण दाबलं की तो सरकतो, ठरलेला वेळ उघडा राहतो आणि मिटतो. किती वेळ, ते वरच्या चकतीवर लिहिलेलं. पाचशे म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, साठ म्हणजे साठावा. सुरुवातीला तिचं उलटंच व्हायचं. आकडा मोठा म्हणजे वेळ मोठा असं वाटून ती भलतीकडे चकती फिरवायची, आणि दादा पडल्या पडल्या हसायचा. तीन वर्षांत ती त्याचं हसू विसरून गेली होती. मग त्याने आवाजावरून ओळखायला शिकवलं. डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, आता किती? पाचशेला नुसतं टक् व्हायचं. पंधराला जरा लांबट. एक सेकंदाला टक्, मग आत बारीक दातेरी चाकं घरघरायची, मग पुन्हा टक्. आकडे संपले की चकतीवर एकटं 'बी' हे अक्षर होतं. तिथे बटण दाबून धरू तोवर पडदा उघडाच. त्याच्या वाटेला एवढ्यात जाऊ नकोस, दादा म्हणाला.

"वेगाची गंमत कळली का छोटे?" तो सांगायचा. पन्नाशी उलटली तरी ती त्याला छोटीच. "पाचशेवर धावता माणूस जागच्या जागी गोठतो. पण भरचौकात अर्धा मिनिट पडदा उघडा ठेव. जी माणसं चालत राहिली ती फोटोत येतच नाहीत. पुसली जातात. जो उभा राहिला तो एकटा येतो."

सरावासाठी त्याने घरातला बोळ निवडला. दादाच्या पलंगाच्या पायथ्याशी कॅमेऱ्याची तिपाई मांडली की त्याच्या खोलीच्या दारातून बोळ सरळ दिसायचा. डावीकडे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे न्हाणीघर, टोकाला बाहेरचं दार. दाराशी चपलांची लाकडी मांडणी आणि तिच्यावर दुधी काचेची खिडकी. दुपारी त्या खिडकीतून बोळभर मऊ उजेड पसरायचा. तिथे हलणारं काहीच नव्हतं, म्हणून दादाच्या मते शिकण्याला याहून चांगली जागा नाही. तिने पाचशेपासून एकपर्यंत सगळे वेग ओळीने घेतले, एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक फोटोचा आकडा वहीत टिपला. फिल्मचा रोळ संपला.

रोळ धुऊन द्यायला आता गावात एकच जण उरला होता. दादा ज्या भागात टपाल वाटायचा तिथे त्याची अंधारी लॅब होती. सगळे त्याला लॅबवाले काका म्हणत. दादाची बहीण म्हटल्यावर त्यांनी स्वतः रोळ धुतला, आणि चार दिवसांनी निगेटिव्हची पट्टी आणि फोटो पाकिटात घालून दिले. 

पहिले दोन-तीन फोटो जवळजवळ काळे. पुढे बोळ उजळत गेला. दार, कडी, चपला सगळं जागच्या जागी. पहिल्या फेरीच्या शेवटच्या फोटोत, एक सेकंदाच्या, स्वयंपाकघराच्या दाराशी काहीतरी धुरासारखं उभं होतं. तिने उरलेल्या दोन फेऱ्यांतले एक सेकंदाचे फोटो काढून बघितले. तिन्हींत ते होतं. बाकी एकातही नाही.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी इस्पितळात घेऊन गेली. एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर तिने ती लावली आणि भिंग धरलं. सावल्या वाचण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. कुठली सावली हाडाची, कुठली पाण्याची, कुठली सदऱ्याच्या गुंडीची, हे तिला विचारावं लागत नसे. ही सावली माणसाची होती. पाठमोरा माणूस, पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा. त्याच्या पाठीतून पलीकडची दाराची चौकट दिसत होती. सावलीचा दाटपणा बघता सेकंदातला पाव भाग तो तिथे असावा, असं तिच्या मनात आपसूक आलं. आणि मग तिने डावा खांदा बघितला. तो उजव्याहून दोन बोटं खाली होता.

टपालाची पिशवी एकतीस वर्षं एकाच खांद्यावर. दादाचे सदरे त्या खांद्याला नेहमी ओघळायचे. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी त्याचा सदरा बेतताना डावी बाजू मुद्दाम आखूड कापायच्या.

घरी येऊन तिने फोटो दादासमोर धरला. काय दिसतंय ते सांगितलं नाही. त्याने बराच वेळ बघितलं. तिला वाटलं तो विचारेल, घाबरेल, निदान थट्टा तरी करेल. त्यातलं त्याने काहीच केलं नाही.

"पाव सेकंद," तो म्हणाला. "उठून दारापर्यंत येण्यात वेळ जातो. म्हणून बाकीच्या फोटोंत नाही. त्या वेगाला पोचायच्या आत पडदा मिटलेला असतो."

"कोण पोचायच्या आत?"

"तोंड दिसत नाहीये. कसं सांगू?"

तिने हरतऱ्हेने स्वतःची समजूत घालून बघितली. एकावर एक दोन फोटो पडले असतील. कुठून तरी उजेड शिरला असेल. तिने काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले की रोळात दोष नाही आणि धुण्यातही नाही, बाई, तुम्ही कुणालातरी उभं केलं असेल आणि विसरला असाल. दादाने दुसरा रोळ भरायला लावला. या वेळी नुसते हळू वेग, पाव, अर्धा आणि एक. ती नको म्हणत होती, पण फोटोच्या नावाने त्याच्या चेहऱ्यावर रंग यायचा. तो रंग तिला पुसवेना.

दुसऱ्या रोळात पाव सेकंदाचे फोटो रिकामे होते. अर्ध्या सेकंदाला पुसट. एक सेकंदाला तो अर्धा दाट झाला होता, आणि स्वयंपाकघराच्या दारावरून पुढे सरकून चपलांच्या मांडणीशी पोचला होता. पाय अनवाणी होते. टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या, हे ती पुन्हा पुन्हा बघत राहिली.

त्याच सुमाराला सकाळची बाई म्हणाली की अलीकडे दादांना कुशीवर वळवताना हलकं जातं. बहिणीने संध्याकाळी चादर बदलताना हात घातला तर खरंच. जेवण तेच, अंग तेच, गालही बसले नव्हते. पण हातात भार येत नव्हता. तो झोपायचाही जास्त. हाक मारली की डोळे उघडायला वेळ लागायचा, कुणी लांबच्या खोलीतून येत असल्यासारखा.

आणि जिन्यात शिवणवाल्या वहिनी भेटल्या. त्यांचं मशीन बरोबर या बोळाच्या खाली होतं. त्यांनी हसून विचारलं की दादांना बरंच बरं वाटतंय का. दुपारी वर पावलं वाजतात, तीन-चार टाकतात आणि थांबतात, फिरवता वाटतं त्यांना? एवढं सांगून त्या म्हणाल्या, "बरं झालं हो. त्यांची चाल मी आवाजावरून ओळखते."

 बहिणीने वर येऊन तिपाई मिटली, कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दादाने सगळं बघितलं. चार दिवस तो तिच्याशी अक्षर बोलला नाही. दूध पाजलं तर प्यायचा, कूस बदलली तर बदलू द्यायचा. पाचव्या दुपारी ती पेपर घेऊन बसली तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"तुला भीती वाटते ना?"

"वाटणार नाही?"

"मला नाही वाटत. छोटे, तो पडदा उघडतो तेव्हा माझ्या पायाला फरशी लागते. गार असते. सकाळी पुसलेली असली की जरा ओलसरही." तो थांबला. "एका सेकंदात किती चालता येतं, तुला कल्पना नाही. मी पाचशेवा भागही वाया जाऊ देत नाही."

तिने पेपरची घडी घातली. मग विचारलं, की पडदा मिटल्यावर काय होतं.

"इथे असतो. पाठीवर."

मग त्याने मागितलं. एकदा, एकदाच, चकती बीवर ठेवायची. बटण दाबायचं आणि धरून ठेवायचं. शंभर आकडे मोजायचे. तेवढ्यात तो जिना उतरून रस्त्यापर्यंत जाईल, फाटकाला हात लावेल आणि परत येईल. पुन्हा म्हणून मागणार नाही.

"आणि शंभरात आला नाहीस तर?"

"एकतीस वर्षांत मला एक दिवस तरी उशीर झालाय का?"

तिने तीन दिवस घेतले. तिने त्याच्या पायांना तेल लावलं, नेहमी लावायची तसंच. ते तिच्या हातात लाकडासारखे पडून होते. एखाद्याने तीन वर्षांनी काहीतरी मागावं, आणि ते शंभर आकड्यांइतकंच असावं. रविवारी दुपारी तिने किल्ली काढली.

खिडकीवर जाड पडदा ओढला, नाहीतर एवढ्या वेळात फोटो पांढरा फटक पडला असता. तिपाई जागेवर ठेवली. कॅमेऱ्याला केबल लावली, ती म्हणजे लांब बारीक तार आणि टोकाला दाबायचं बोंड, म्हणजे कॅमेऱ्याला धक्का बसत नाही. दादाने मान वळवून सगळं तपासलं आणि छताकडे तोंड केलं. ती स्टुलावर बसली. अंगठा बोंडावर ठेवला आणि दाबला.

टक्. मग चाकांची घरघर नाही, काही नाही. पडदा उघडा होता एवढंच.

सातव्या आकड्याला तिच्या मागून पलंग करकरला. आठाला बोळात पाऊल वाजलं. समोर काहीच दिसत नव्हतं. ती रिकाम्या बोळाकडे बघत होती आणि पावलं तिच्या डोळ्यांदेखत लांब जात होती. पंधराला ती दाराशी पोचली. कडी हलली नाही, दार उघडलं नाही, पण विसाला पावलं जिन्यात होती. दोन-दोन पायऱ्या घेत उतरत होती. तिने मान फिरवून पलंगाकडे बघितलं. दादा डोळे उघडे ठेवून पडला होता. सगळी माणसं गावाला गेली की घर कसं दिसतं, तसा तो चेहरा होता. तिला ओरडावंसं वाटलं, पण अंगठा ढिला पडेल म्हणून तिने दात आवळले. पन्नास. साठ. आता फाटकाला हात लावून मागे वळला असेल. एकसष्ट. बासष्ट.

दाराची घंटा वाजली.

ती दचकली आणि अंगठा निसटला. टक्.

तिने क्षणही न दवडता रोळ पुढे सरकवला आणि पुन्हा दाबला. धरून ठेवला. शंभर मोजले, दोनशे मोजले. घंटा दोनदा वाजून गेली. जिन्यात काही नव्हतं. तीनशेला तिने पलंगाकडे बघितलं, आणि अंगठा सोडून दार उघडलं.

दारात शिवणवाल्या वहिनी उभ्या होत्या, गळ्यात मापाची पट्टी तशीच. त्या धापा टाकत होत्या.

"अहो, दादा एकटेच खाली गेले," त्या म्हणाल्या. "मी हाक मारली तर वळून बघितलं नाही. पायात चप्पलही नाही. म्हटलं तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून धावत आले."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मेंदूत काहीतरी झालंय. श्वास चालू होता, नाडी चालू होती. डोळे उघडे असायचे पण ते कुणावर ठरायचे नाहीत. गिळणं बंद झालं म्हणून नाकातून नळी घातली. वाट बघा, असं म्हणाले.  शिवणवाल्या वहिनींनी पलंगावरच्या दादाला बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्या दिवसापासून दुपारी मशीन चालवणं सोडलं.

ती मात्र रोज तीन वाजता स्टुलावर बसायची. खिडकीला पडदा, चकती बीवर, अंगठा बोंडावर. केबलला अडकवून ठेवायचा छोटा स्क्रू होता, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. अंगठा बधिर होईपर्यंत धरायची, मग बोटं बदलायची. फोटो काय येतोय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पडदा उघडा असला पाहिजे. तो परत आला तर त्याला आत यायला वाट हवी. रोज एक फोटो, कधी दोन. कधी तासभर. बोळात काही वाजायचं नाही.

अकराव्या दिवशी तिने तो रोळ संपायच्या आधीच काढला, नवा भरला आणि ती लॅबमध्ये गेली. पहिला फोटो तेवढा बघायचा होता. काकांनी रोळ घेतला, दादांची चौकशी केली, आणि ती उत्तर जुळवत असतानाच स्वतः म्हणाले की आता विचारायचं कशाला, परवाच तर दिसले.

तिने काउंटरला धरलं. "कुठे?"

"समोरच्या फुटपाथवर. त्यांच्या जुन्या लाइनीवर. मी आवाज दिला, पण घाईत होते. प्रत्येक दाराशी थोडं थांबायचे आणि पुढे. पूर्वी कसे करायचे, तसंच." काका चष्मा पुसायला लागले. "खूश दिसले हो. इतक्या वर्षांनी कुणाला एवढं खूश बघितलं मी."

चार दिवसांनी फोटो आले. त्या रविवारचा बोळ स्वच्छ होता. पडदा बासष्ट आकडे उघडा होता आणि त्यातून एक माणूस चालत गेला होता. चालत गेला म्हणून त्याचा माग नव्हता. लॅबबाहेरच्या बाकावर ती फोटो मांडीवर ठेवून बसून राहिली. समोरचा फुटपाथ वाहत होता. तिने एकेक चेहरा बघितला, संध्याकाळपर्यंत.

घरी पलंगावरच्या शरीराला पाठीवर फोड आले होते. ती ते धुवायची, पावडर लावायची, कूस बदलायची. आता भार चिमूटभर उरला होता. त्याला परत का बोलवायचं, हा प्रश्न तिला पडत होता आणि ती तो पडू देत नव्हती. त्याने शंभर म्हटलं होतं. तिने बासष्टला सोडलं. दार तिच्या हातून लागलं होतं, तेव्हा उघडून धरणं तिच्याकडे लागलं, एवढंच तिला कळत होतं.

एकोणिसाव्या दुपारी जिन्यात पावलं वाजली.

घाई नव्हती. एकेक पायरी. ती बाहेरच्या दारापाशी थांबली नाहीत, थेट आत आली. चपलांची मांडणी, न्हाणीघर, स्वयंपाकघर. खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली, तिच्यापासून दोन हातांवर, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. दिसत काहीच नव्हतं. तापलेल्या रस्त्याचा आणि धुळीचा वास खोलीत आला. तिने दुसरा हातही अंगठ्यावर दाबला. सवयीने ती मोजत होती. पाच. सहा.

"दादा," ती म्हणाली, "आत यायचं असेल तर ये. मी धरून ठेवलंय."

पाऊल उचललं गेलं नाही. मागे पलंगावर घशातली घरघर चालू होती. वीस. तिला जाणवलं, की तो आत यायला आलेला नाही. वेळ दिली होती आणि चुकली, म्हणून आलाय. टपाल उशिरा पोचलं की तो असाच दारात उभा राहायचा, समोरच्याने काही बोलेपर्यंत हलायचा नाही. ती रडायला लागली, पण अंगठा ढळू दिला नाही. तीस.

"उशीर माझ्यामुळे झाला," ती म्हणाली. "तुझी काही चूक नाही. तुझ्यामागे सगळं मी निस्तरते. तू जा."

चाळिसाला पाऊल हललं. आधी एक तिच्या दिशेने. केबलची तार तिच्या हातात हलकेच ताणली गेली आणि ढिली पडली. मग पावलं वळली. बोळ, दार, जिना. खालच्या फाटकाचा आवाज आला, लोखंडाला लोखंड लागल्याचा. तो पूर्ण विरेपर्यंत तिने धरून ठेवलं, आणि मग स्वतःच्या हाताने, सावकाश, अंगठा उचलला.

पलंगावरचा श्वास थांबला होता. तिने वेळ बघितली, डोळे मिटवले, नळी काढली आणि मग शिवणवाल्या वहिनींना हाक मारली. त्या जिन्यातच बसलेल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "या वेळी वळून बघितलं त्यांनी."

नातेवाईक आले, पोस्टातली जुनी माणसं आली. तेराव्या-चौदाव्या दिवशी चुलतभावाने विचारलं की भिंतीवर लावायला दादाचा एखादा बरा फोटो आहे का. तिने काकांकडून आलेलं पाकीट आणलं. त्यांनी तो फोटो न मागताच मोठा करून दिला होता, आणि देताना तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. फोटोत बोळ अंधुक होता, मागची दारं विरघळल्यासारखी. उंबऱ्यावर दादा उभा होता. त्याच्या अंगातून पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. पावलं घोट्यापर्यंत धुळीने माखलेली. चेहरा कॅमेऱ्याकडे, आणि तो इतका स्पष्ट की भुवयांचे केस मोजून घ्यावेत.

फोटो हातोहात फिरला. सगळ्यांना आवडला. किती तरतरीत दिसतोय, आजारी पडायच्या आधीचा असेल, असं नात्यातली एक वहिनी म्हणाली. चुलतभावाने फोटो उलटा करून मागचा तारखेचा शिक्का वाचला. पुन्हा सरळ करून बघितला. त्याचा हात थोडा खाली आला.

"ही तारीख बरोबर आहे?" त्याने विचारलं. "तेव्हा तो तर..."

"उभा राहिला होता," बहीण म्हणाली. "चाळीस सेकंद. जराही हलला नाही."

 मग तिने त्याच्या हातातून फोटो घेतला, कडेची धूळ पदराने पुसली, आणि खिळा कुठे ठोकायचा ते चुलतभावाला दाखवायला उठली.